‘पासाँ’: फ्रेंच रस्त्यावरचे येणारे-जाणारे

फ्रेंचमध्ये ‘पासे’ म्हणजे जाणे, ओलांडणे. मुळाशी लॅटिन ‘पास्सुस’, म्हणजे पाऊल. त्यावरून ‘पासाँ’, बाई असेल तर ‘पासाँत’. आपला वाटसरू कुठेतरी लांब निघालेला असतो, पासाँला तेवढे जायचे नसते. वाहतुकीच्या नियमांत ‘पिएतों’ म्हणजे पादचारी हा शब्द चालतो. झेब्रा क्रॉसिंग पिएतोंचे. रस्त्यातले भांडण बघायला थांबतात ते पासाँ.

जुन्या पॅरिसमध्ये या पासाँचे हालच होते. रस्त्याच्या मधोमध गटार, दोन्हीकडून त्याकडे उतार, आणि फुटपाथ जवळपास नाहीतच. भिंतीलगतची बाजू उंच, म्हणून कोरडी. ती बड्या लोकांसाठी सोडायची आणि आपण चिखल तुडवायचा, घोडागाडी आली की अंग चोरायचे. समाजात वजन असलेला माणूस ‘फरसबंदीची उंच बाजू धरून आहे’ असे फ्रेंच लोक आजही म्हणतात, ते यावरूनच. 1607 मध्ये खुल्या झालेल्या पाँ नफ पुलाला फुटपाथ होते. रस्त्यांना मात्र ते मिळायला 18 वे शतक सरत यावे लागले. मग 1800 च्या सुमारास ‘पासाज’ आले: काचेचे छप्पर, दोन्ही बाजूंना दुकाने आणि गाडीला मज्जाव. नावही त्याच क्रियापदाचे. काम नसताना रमतगमत फिरणे सामान्य माणसाला परवडू लागले ते इथे, असे मला वाटते.

साहित्यात या शब्दाला मान मिळवून दिला फ्रेंच कवी बोदलेरने. 1857 मध्ये त्याच्या कवितासंग्रहावर खटला होऊन 6 कविता वगळाव्या लागल्या. 1861 च्या दुसऱ्या आवृत्तीत पॅरिसवरचा नवा विभाग आला. त्यातल्या एका सुनीताच्या शीर्षकातच ‘पासाँत’ आहे. गोंगाटाच्या रस्त्यावर सुतकी काळ्या पोशाखातली बाई समोरून येते, क्षणभर नजरानजर होते, संपले. ओळखपाळख नसलेल्या गर्दीचे शहर असल्याशिवाय अशी कविता सुचणे कठीण.

थडग्यांवरचा पासाँ याहून बराच जुना. रोमन लोक मृतांना रस्त्याच्या कडेला पुरत आणि थडग्यावरच्या लेखातून जाणाऱ्याला ‘थांब’ म्हणत. फ्रेंचांनी तीच रीत उचलली. दुसऱ्या महायुद्धातल्या काही स्मारकफलकांवरही ‘पासाँ, स्मरण ठेव’ असे कोरलेले आढळते.

बाकी वापर किरकोळ. गजबजलेला रस्ता ‘पासाँत’, पँटला पट्टा ओवायची पट्टीही ‘पासाँ’. ‘आँ पासाँ’ म्हणजे जाता जाता, आणि बुद्धिबळात दोन घरे पुढे सरकलेले प्यादे एकच घर सरकल्यासारखे मारण्याचा नियम. आपल्या जुन्या देशी खेळात प्यादे साधारणपणे एकेकच घर चाले, त्यामुळे या नियमाची गरजच नव्हती.