जुनं इंजिन उतरवण्याआधी: लहान होडीसाठी नवं आउटबोर्ड निवडताना

मे महिना सरत आला की आमच्या आउटबोर्डच्या, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनांच्या, दुकानात एकच प्रश्न घेऊन माणसं येतात. "पंधराचं काढून वीसचं बसवू काय?" १ जूनला मासेमारी बंदी लागते, ३१ जुलैपर्यंत होडी वर ओढलेली असते. इंजिन बदलायला हेच दिवस बरे. पण किती हॉर्सपॉवर हा प्रश्न आम्ही सगळ्यात शेवटी घेतो. आधी होडी बघतो, मग तिचं काम विचारतो.

हे पत्रक मुख्यतः १६ ते २२ फुटांच्या फायबरच्या होड्यांसाठी आहे: जाळ्याला जाणाऱ्या, खाडीत माणसं ने-आण करणाऱ्या आणि पर्यटकांना फिरवणाऱ्या. ॲल्युमिनियमच्या बोटीबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

टेप घ्या, फळी मोजा

होडीच्या मागच्या फळीला ट्रान्सम म्हणतात. इंजिनाचा क्लॅम्प जिथे बसतो तिथे, बरोबर मध्यावर, टेपचं टोक धरा आणि तळापर्यंत मोजा. शाफ्ट म्हणजे इंजिनाचा पाण्यात जाणारा पाय. माप १५ इंचांच्या आसपास आलं तर शॉर्ट शाफ्ट, २० इंचांच्या आसपास आलं तर लाँग शाफ्ट. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत यावी, फार तर इंचभर खाली.

२० इंची फळीवर शॉर्ट शाफ्ट लावला तर लाटेवर मागची बाजू उचलली की पंखा हवा ओढतो. इंजिन किंचाळतं, होडी जागची हलत नाही. थंड पाणी खेचायची जाळीही पाण्याबाहेर येते आणि इंजिन तापतं. उलट, १५ इंची फळीवर लाँग शाफ्ट म्हणजे पाच इंच लोखंड फुकट पाण्यात ओढत न्यायचं. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचे पट्टे आहेत, मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडक आहेत. तिथे ओहोटीला हे पाच इंच महागात पडतात.

काही वर्षांपूर्वी फोनवर सांगितलेल्या मापावर आम्ही एक इंजिन दिलं. माप फळीच्या कडेला घेतलेलं होतं आणि मध्ये क्लॅम्पसाठी खाच होती, हे आम्ही विचारलंच नाही. चूक आमची. इंजिन आम्ही परत घेतलं, पण त्या गिऱ्हाइकाचे ऐन हंगामातले चार दिवस गेले ते परत देता आले नाहीत. तेव्हापासून आमच्या माणसाने स्वतः मोजल्याशिवाय इंजिन खोक्यातून निघत नाही.

वजनाचा विचार

जुनी इंजिनं बहुतेक टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारी. १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक साधारण ३६ ते ४० किलोचं असतं. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक ४५ ते ५२ किलोपर्यंत जातं. म्हणजे इंजिन तेवढंच, पण फळीवर दहा-बारा किलो जास्त, आणि तेही होडीच्या अगदी टोकाला. तिथेच तांडेल (होडी चालवणारा) बसतो, तिथेच टाकी असते. मग होडी मागून बसते, नाळ (पुढचं टोक) आकाशाकडे जाते आणि मागच्या लाटेचं पाणी आत येऊ लागतं.

ह्यावर उपाय सोपा आहे. पेट्रोलची २५ लिटरची टाकी भरली की पेट्रोलच जवळपास १८ किलो होतं. लांब होज घेऊन टाकी मध्यावर सरकवा. जाळं आणि बर्फाची पेटीही पुढे घ्या. एवढं करूनही होडी मागे बसत असेल तर ते इंजिन त्या होडीचं नाही, आणि आम्ही ते विकणार नाही.

फळीही तपासून घ्या. जुन्या फायबरच्या ट्रान्सममध्ये आत लाकूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजतं, वरून काही दिसत नाही. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. टणक आवाज बोदा झाला की तिथे लाकूड गेलेलं असतं. अशा फळीवर नवं इंजिन चढवू नका. आधी फायबरवाल्याला बोलवा.

मग हॉर्सपॉवर

जड, गोल तळाची होडी पाणी कापत जाते, पाण्यावर चढत नाही. तिचा वेग लांबीने ठरतो. पाण्याला टेकलेली लांबी १८ फूट असेल तर वेग साधारण पावणेसहा नॉटपर्यंत, म्हणजे ताशी साडेदहा किलोमीटर. त्यापुढे इंजिन कितीही मोठं लावा, होडी फक्त मोठी लाट उठवते आणि पेट्रोल पिते. अशा होडीला ९.९ चं इंजिन पुरतं. लोड जास्त असेल तर जास्त गिअर रिडक्शनचं आणि मोठ्या पंख्याचं हाय-थ्रस्ट मॉडेल बघा. ते सावकाश फिरतं, पण जोरात ढकलतं.

सपाट तळाची, हलकी होडी पाण्यावर चढून पळते. तिला मात्र ताकद लागते. माणसं, जाळं, इंजिन, पेट्रोल असं सगळं धरून दर हॉर्सपॉवरमागे २० किलोच्या आत वजन असेल तर ती नीट चढते. पर्यटकांची होडी चार माणसांनिशी पळते आणि आठ माणसांनिशी रुतते, ती ह्याच हिशेबाने. हा हिशेब तुमच्या नेहमीच्या लोडवर करा, रिकाम्या होडीवर नव्हे.

पंख्याकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. बऱ्याच लहान फोर-स्ट्रोक इंजिनांना पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला ५,००० ते ६,००० फेरे मिळायला हवेत. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. भरल्या होडीत तेवढे मिळत नसतील तर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा किती पुढे सरकेल ते माप) इंचभर कमी करून बघा, फेरे साधारण २०० ने वाढतात. अनेकदा "इंजिनात दम नाही" ही तक्रार पंखा बदलला की मिटते. आम्ही नव्या इंजिनाबरोबर ट्रायल घेतो ती ह्यासाठीच.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक

टू-स्ट्रोक हलकं, दुरुस्तीला सोपं. पण १५ चं जुनं टू-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलवर ताशी सात लिटरच्या आसपास पेट्रोल घेतं, वर तेलाचा खर्च. तेवढंच फोर-स्ट्रोक सहाच्या आत राहतं. रोज समुद्रात जाणाऱ्याला आम्ही फोर-स्ट्रोकच सुचवतो. महिन्यातून दोनदा खाडीत गरी टाकणाऱ्याने जुनं टू-स्ट्रोक ओव्हरहॉल करून वापरलं तरी चालेल.

टू-स्ट्रोकला पेट्रोल आणि तेलाचं प्रमाण ५०:१ असेल तर २५ लिटर पेट्रोलला अर्धा लिटर तेल. तेल टीसी-डब्ल्यू ३ खुणेचंच घ्या, ती पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या तेलाची खूण आहे. स्कूटरचं टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, आउटबोर्डमध्ये त्याची राख साचते. फोर-स्ट्रोक गाडीवर आडवं नेताना इंजिनाच्या अंगावर जी बाजू खाली ठेवायला सांगितली आहे तीच ठेवा, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये उतरतं.

पेट्रोलचं एक सांगायलाच हवं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तिकेत मर्यादा १० टक्क्यांची आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि समुद्रावर दमट हवेला तोटा नाही. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, टाकीत महिना-महिना पेट्रोल ठेवू नका, बंदीला होडी वर घेताना कार्ब्युरेटर रिकामा करा. घेण्याआधी त्या मॉडेलची मर्यादा आम्हाला विचारा, आम्ही पुस्तिका उघडून दाखवू.

ॲल्युमिनियमची बोट असेल तर

धरणाच्या गोड्या पाण्यात ती छान टिकते, खाऱ्या पाण्यात तिला जपावं लागतं. तळाला तांबं असलेला रंग कधीच लावू नका, पत्रा खाल्ला जातो. स्टीलचे बोल्ट आणि ॲल्युमिनियम ह्यांच्यात सीलंट आणि नायलॉनचा वॉशर हवाच. इंजिनाऐवजी स्वतः झिजावा म्हणून लावलेला झिंकचा तुकडा अर्धा झिजला की बदला, आणि त्याला रंग फासू नका. रिवेटची बोट असेल तर मोठं इंजिन टाळा, हादऱ्याने रिवेट सैल होऊन पाणी झिरपतं.

जुनं इंजिन घेत असाल तर

गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सोडा. तेल दुधासारखं आलं तर सील गेलं आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा पंख्यामागे गुंडाळलेल्या जाळ्याच्या तंगुसाने (नायलॉनच्या दोऱ्याने) ते कापलेलं असतं. दोन सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये (आतल्या दाबात) दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर सोडून द्या.

इंजिन बदललं की मासेमारी नौकेच्या नोंदणीत नवा इंजिन क्रमांक मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडून चढवून घ्या. बिल आणि क्रमांकाचा कागद आम्ही त्याच दिवशी देतो.

दुकानात येताना होडीचा मागून काढलेला फोटो, मध्यावरचं माप आणि नेहमीचा लोड किती ते घेऊन या. होडी दूरच्या बंदरात असेल तर कळवा, आमचा माणूस टेप घेऊन बंदरावर येईल. मोजण्याचे पैसे आम्ही घेत नाही.