गोव्यातील स्त्रियांच्या मनःस्वास्थ्याचे संशोधन

मुंबईत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल (जन्म १९६४) आणि त्यांनी सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये गोव्यात स्थापन केलेली ‘संगथ’ ही संस्था यांची अभ्यासमालिका. स्त्रियांना नैराश्य व चिंतेचे विकार कशामुळे जडतात आणि मानसोपचारतज्ज्ञ हाताशी नसताना उपचार कोणी करायचे, हे तिच्या केंद्रस्थानी असलेले दोन प्रश्न.

गोव्यात येण्यापूर्वी पटेल झिंबाब्वेतील हरारे येथे काम करत होते. तेथील शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे फार विचार करत राहणे. लोक आपल्या त्रासाचे कारण म्हणून हाच शब्द सांगत. ‘विचार करकरून डोके उठले’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो परका वाटू नये. भारत, झिंबाब्वे, चिली आणि ब्राझील येथील पाहण्या एकत्र मांडणारा त्यांचा लेख १९९९ मध्ये आला. स्त्री असणे, गरिबी आणि कमी शिक्षण यांचा या विकारांशी असलेला संबंध त्यात चारही देशांत दिसला.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेला बाळंतिणींचा अभ्यास या मालिकेत सर्वाधिक उद्धृत होणाऱ्यांपैकी आहे. जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवलेल्या २७० गरोदर स्त्रियांकडे प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा चौकशी केली गेली. २३ टक्के मातांना नैराश्य होते आणि त्यांतील बहुतेकींचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. पैशांची चणचण आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही कारणे अपेक्षित होती. पण मारहाण किंवा उपासमार यांचा परिणाम मुलगा झाला की मुलगी यावरही अवलंबून असल्याचे आढळले. आपली अवस्था हा ‘आजार’ आहे, असे या मातांना स्वतःला वाटत नव्हते. त्या घरातल्या अडचणी सांगत. त्यांचे म्हणणे आकडेवारीपेक्षा फारसे वेगळे नव्हते, ही गोष्ट मानसोपचारशास्त्राने मनावर घ्यावी अशी आहे.

अंगावरून पांढरे जाणे ही दवाखान्यात नेहमी ऐकू येणारी तक्रार. तपासणीची सोय नसेल तेथे लक्षणांवरून जंतुसंसर्ग गृहीत धरून प्रतिजैविके देण्याची पद्धत होती. उत्तर गोव्यातील २,४९४ स्त्रियांच्या पाहणीत मात्र या तक्रारीचा संसर्गाशी संबंध कमजोर निघाला. नैराश्य, चिंता आणि इतर शारीरिक दुखण्यांशी तो कितीतरी पक्का होता. मन थकले की कंबर दुखते, हातापायांना मुंग्या येतात आणि डॉक्टरला सांगता येण्याजोगे तेवढेच उरते. त्याच पाहणीत नवऱ्याकडून होणारा लैंगिक अत्याचार, वैधव्य वा विभक्तपण आणि घरातल्या निर्णयांत नसलेला अधिकार यांचाही या विकारांशी संबंध दिसला. गोळ्यांनी किंवा समुपदेशनाने यांपैकी काहीच बदलत नाही, हा आक्षेप म्हणूनच रास्त ठरतो.

उपचाराच्या बाजूने ‘मानस’ हा प्रयोग महत्त्वाचा (निष्कर्ष २०१०). आरोग्यक्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक पदवीधर तरुणींना थोडे प्रशिक्षण देऊन समुपदेशक नेमले गेले. रुग्णांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या. सरकारी आरोग्य केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते, तर नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा फरक पडला नाही.

पुढचा टप्पा सीमेपलीकडून आला. रावळपिंडीच्या परिसरात मानसोपचारतज्ज्ञ अतिफ रहमान यांनी गावोगावच्या आरोग्यसेविकांकडून मातांवर उपचार करवले होते (२००८). ती पद्धत सोपी करून गोव्यात आणली गेली आणि काम शेजारपाजारच्या अनुभवी आयांकडे सोपवले गेले. त्यांना ‘सखी’ म्हणत. २८० गरोदर स्त्रियांवरील या चाचणीत (२०१९) प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी सखींची सोबत मिळालेल्यांपैकी ७३ टक्के नैराश्यातून बाहेर आल्या होत्या, इतर गटात ६० टक्के. लक्षणांच्या तीव्रतेत मात्र दोन्ही गटांत ठोस फरक सिद्ध झाला नाही.