हंसाला बांधच का लागतो?

मेच्या मध्यावर अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर, कोलव्हिल नदीच्या मुखाशी, टुंड्रा हंसांच्या जोड्या उतरतात तेव्हा तिथली तळी अजून गोठलेलीच असतात. अटलांटिक किनाऱ्यावर, चेसापीक उपसागराच्या आसपास हिवाळा काढून हे पक्षी हजारो किलोमीटर उडून आलेले असतात. तरीही विसाव्याला सवड नाही, आल्या आल्या घरट्याची जागा धरावी लागते.

हिशेबच तसा आहे. अंडी बहुधा चार, साधारण एक दिवसाआड एक, आठवडा गेला. उबवायला महिना. पिल्लं उडू लागेपर्यंत आणखी दोन महिने, किंवा थोडे जास्तच. झाले शंभर दिवस! आणि सप्टेंबर संपता संपता पाणी पुन्हा गोठायला लागतं. म्हणून बर्फ सगळ्यात आधी जाईल ती जागा हवी.

सपाट टुंड्रात अशी जागा घडते ती जमिनीच्या पोटात. इथली जमीन खाली कायमची गोठलेली. कडाक्याच्या थंडीत ती आकसून तडकते, वसंतात भेगेत वितळलेलं पाणी शिरून गोठतं, आणि असं शेकडो वर्षं होत बर्फाची पाचर जाड होत जाते. तिच्या रेट्याने दोन्ही बाजूंची माती वर उचलली जाते. वरून पाहिलं तर भातखाचरांची आठवण व्हावी: मधे पाणी साचलेलं, भोवती बांध. हे बांध फार तर गुडघाभर उंच, पण वारा त्यांच्यावर बर्फ टिकू देत नाही आणि उरलेला उन्हाने लवकर जातो. हंसाचं घरटं बरेचदा अशा बांधावर, नाहीतर तळ्यातल्या छोट्या बेटावर असतं.

घरटं म्हणजे मॉस, गवत आणि लव्हाळ्यांचा ढीग. जोडी भोवतालचंच गवत चोचीने उपटून रचत जाते, त्यामुळे ढिगाभोवती उघड्या मातीचं कडं उमटतं. वरच्या खोलगट भागात पिसांवर मळकट पांढरी, सुमारे दहा सेंटिमीटर लांबीची अंडी. मादी चरायला गेली की नर त्यांच्यावर बसतो.

उघड्या माळावर पांढराशुभ्र पक्षी लपणार कसा? तो लपतच नाही. उंचावरून त्याला कोल्हा लांबूनच दिसतो, आणि एकट्या कोल्ह्याला जोडी पंखांच्या तडाख्यांनी पिटाळू शकते. अस्वलापुढे मात्र इलाज नसतो. माणूस पायी येताना दिसला तरी हंस दुरूनच घरटं सोडतो, आणि उघडी अंडी गार पडतात. अभ्यासकांनी अंतर राखायला हवं ते यासाठी.

पाणीही जवळ लागतं. पिल्लं चालत तळ्यात उतरतात, आणि त्यांना वाढवताना आईबापांचीही उड्डाणपिसं गळतात, त्यामुळे काही आठवडे अख्खं कुटुंब उडू शकत नाही. पाणगवत आणि आसरा, दोन्ही त्याच तळ्यात मिळायला हवं. असं ठिकाण सापडलं की जोडी वर्षानुवर्षं तिथेच परतते आणि पुष्कळदा जुनाच ढीग डागडुजी करून वापरते.

कोलव्हिलच्या मुखाशी २००० सालापासून खनिज तेल काढलं जातं. तिथे विमानातून हंसांची घरटी मोजतात. माझ्या मते नव्या रस्त्याचा आराखडा करताना त्या वर्षी रिकामा असलेला ढीगही नकाशावर यायला हवा. पुढच्या मे महिन्यात त्याचे मालक परतू शकतात.