दहा किलोमीटर म्हणजे नेमके किती?

वहिनींनी गाडी कडेला घेतली तेव्हा ट्रिपमीटरवर, म्हणजे निघाल्यापासूनचं अंतर दाखवणाऱ्या मीटरवर, १०.१८ हा आकडा होता. रॅलीच्या आयोजकांनी दिलेली वाटेची वही, म्हणजे रोडबुक, सांगत होतं, सुरुवातीच्या रेषेपासून या पुलाच्या कठड्यापर्यंत बरोबर १०.०० किलोमीटर. मी मांडीवरच्या पॅडवर भागाकार केला, ०.९८२ लिहून त्याभोवती गोल काढला आणि म्हटलं, "चला वहिनी. आपली गाडी किलोमीटरमागे अठरा मीटर वाढवून सांगते."

"म्हणजे मीटर बिघडलाय का गं?"

मीटर अजिबात बिघडलेला नव्हता. पण तो आमचा होता आणि रोडबुक दुसऱ्याच गाडीने मोजून बनवलेलं होतं. मीटर या एककाची व्याख्या प्रकाशाच्या वेगावरून झालेली आहे, ती प्रयोगशाळेत चालते. रॅलीतला किलोमीटर म्हणजे आयोजकांच्या गाडीने मोजलेला किलोमीटर. त्यांच्या टायरशी आपल्या टायरचा हिशेब जुळवणं हे चालकाशेजारी बसणाऱ्या नॅव्हिगेटरचं, म्हणजे माझं, पहिलं काम. गाडी कशी चालवायची ते वहिनींना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं कळतं. कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, ते मला कळायला हवं.

आपल्याकडच्या बहुतेक हौशी रॅली टीएसडी प्रकारच्या असतात: टाइम, स्पीड, डिस्टन्स. उघड्या रस्त्यावर, वाहतुकीचे नियम पाळून, दिलेल्या सरासरी वेगानेच जायचं. वाटेत कुठेतरी आयोजकांची माणसं, म्हणजे मार्शल, घड्याळ घेऊन बसलेली असतात, कुठे ते आधी सांगत नाहीत. ठरल्या क्षणापेक्षा उशीर झाला तर सेकंदागणिक दंड, आणि बऱ्याच स्पर्धांत लवकर पोचण्याचा दंड त्याहून मोठा. वेगाने हाकणाऱ्याला इथे काही मिळत नाही. मिळतं ते अचूकतेला.

आता चाकाकडे बघू. गाडी अंतर मोजते म्हणजे खरं तर चाकाचे फेरे मोजते. टायरचा व्यास ६० सेंटीमीटर धरला तर परीघ साधारण १८८ सेंटीमीटर, म्हणजे एका किलोमीटरला ५३० फेरे. नव्या टायरवर आठेक मिलिमीटर खोल नक्षी असते. ती झिजून दोनवर आली की त्रिज्या ३०० मिलिमीटरवरून २९४ वर येते. सहा मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळतही नाही, पण तो दोन टक्के आहे. चाक लहान झालं, फेरे वाढले, मीटर मात्र जुन्याच परिघाने गुणतो आहे. ५० किलोमीटर गेलात तर तो ५१ दाखवणार. ताशी ४५ किलोमीटरच्या सरासरीला हा एक किलोमीटर म्हणजे ८० सेकंद. जिथे एकेका सेकंदाचा दंड बसतो तिथे ८० सेकंदांनी सगळी स्पर्धाच हातची जाते. (स्पीडोमीटरचं प्रकरण वेगळं आहे. खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला त्याला नियमानेच बंदी आहे, म्हणून बनवणारे तो जरा जास्तच दाखवेल असा बसवतात. रॅलीत त्याच्याकडे फार बघू नये.)

दुसरं गणित सरासरीचं. ते शाळेत सगळ्यांनी केलेलं असतं आणि रस्त्यावर सगळे विसरतात. ३० किलोमीटरचा टप्पा ताशी ४० च्या सरासरीने करायचा, म्हणजे हाताशी ४५ मिनिटं. पहिले १५ किलोमीटर गर्दीमुळे ताशी ३० ने गेले. मन म्हणतं, पुढे ५० ने जाऊ, सरासरी ४० येईल. येत नाही. पहिल्या अर्ध्यातच ३० मिनिटं संपली, उरलेल्या १५ किलोमीटरला १५ मिनिटं राहिली, म्हणजे ताशी ६० हवेत. आणि पहिला अर्धा भाग ताशी २० ने गेला असेल तर तिथेच ४५ मिनिटं संपली. मग कोणतीही गाडी, कितीही वेग, उपयोग शून्य. सरासरी अंतरावर नव्हे, वेळेवर निघते, आणि संथ जाण्यात वेळ फार खर्च होतो. म्हणून नॅव्हिगेटर टप्पा संपेपर्यंत थांबत नाही. ताशी ३६ असेल तर दर शंभर मीटरला दहा सेकंद, हा ठेका तो मनात सतत चालू ठेवतो. "दोन लवकर. एक लवकर. शून्य. तीन उशीर, थोडं घ्या." दिवसभर वहिनींशी माझं बोलणं जवळजवळ एवढंच.

घाट लागला की अंतराला नवीनच फाटे फुटतात. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटात एकेक वळण जवळपास उलट दिशेला तोंड फिरवणारं आहे. अशा वळणावर आतल्या कडेने गेलं आणि बाहेरच्या कडेने गेलं, दोन्ही वाटांत तीन मीटरचं अंतर धरलं, तर लांबीत पडणारा फरक पाय (३.१४) गुणिले तीन, म्हणजे साडेनऊ मीटर. आपण आपल्या डाव्या बाजूनेच चालत राहिलो तर डावी वळणं आखूड पडतात, उजवी लांब पडतात, आणि तळाशी पोचेपर्यंत बराचसा हिशेब फिटतो. पण जो प्रत्येक वळण आतून कापतो त्याचं अंतर दर वेळी कमीच होतं. वीस उजव्या वळणांत १९० मीटर, ताशी ३६ ला १९ सेकंद. समोरच्या गाडीच्या वाटेत घुसणं धोक्याचं आहेच. शिवाय आयोजकांची गाडी शिस्तीने डावीकडून गेलेली असते, तेव्हा कापणाऱ्याचा मीटरही त्याला साथ देत नाही.

पोलादपुरात पेट्रोल भरताना मी पॅडमध्ये डोकं घालून बसले होते. पंपावरच्या मुलाने हवा तपासली. तापलेले टायर ३५ दाखवत होते, आम्ही सकाळी ३० भरली होती, त्याने सरळ ३० वर आणली. त्याच्या बाजूने काम चोख होतं. पण टायरमधली हवा तापली की दाब वाढतोच. सकाळच्या २० अंशांपासून दुपारच्या ५० पर्यंत टायर तापला तर ३० चे साडेचौतीस होतात. तो वाढीव दाब काढून टाकला म्हणजे टायर खरं तर मऊ केला. मऊ टायर जमिनीपाशी जास्त दबतो आणि एका फेऱ्यात किंचित कमी अंतर कापतो. वीस किलोमीटर पुढे रोडबुकातल्या एका खुणेपाशी मीटर हिशेबापेक्षा साठ मीटर जास्त दाखवत होता. तेवढ्या अंतरात आम्ही सहा सेकंद मागे पडलो होतो, आणि मला मात्र आपण शून्यावर आहोत असं वाटत होतं. ०.९८२ वर काट मारून ०.९७९ लिहिला. तेव्हापासून पंपावर मी गाडीतून खाली उतरते.

हे झालं गाडीचं. माणसाच्या शरीरालाही असाच गुणक लावावा लागतो, आणि तो काढायला कठीण.

हलत्या गाडीत वाचलं की मळमळतं, हे घाटातल्या एसटीत प्रत्येकाने अनुभवलेलं असेल. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्यांतला द्रव डोकं वळलं की मागे राहतो, आणि त्यावरून मेंदूला वळण कळतं. डोळे त्याच वेळी स्थिर कागद बघत असतात आणि सांगतात, काही हललेलं नाही. दोन साक्षीदारांचं पटत नाही आणि पोट त्याची किंमत मोजतं. चालकाला हा त्रास सहसा होत नाही, कारण स्टिअरिंग त्याच्या हातात असतं. पुढचा झोका कोणत्या बाजूचा, हे त्याच्या मेंदूला आधीच ठाऊक असतं. मुरलेला नॅव्हिगेटर, म्हणजे को-ड्रायव्हर, म्हणूनच कागद मांडीवर न ठेवता उंच धरतो, एक नजर टाकून लगेच रस्त्याकडे बघतो, आणि सीटमधून येणाऱ्या धक्क्यांवरून आपण कागदावर कुठे आहोत ते ओळखतो.

१ मे १९५५ ला इटलीतल्या ब्रेशाहून सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी ७२२ क्रमांकाची मर्सिडीज ३०० एसएलआर निघाली. शर्यत मिल्ले मिल्या, ब्रेशा ते रोम आणि परत, सुमारे १६०० किलोमीटर, उघड्या टपाच्या गाडीतून. चालक स्टर्लिंग मॉस, आणि शेजारी दाढीवाला इंग्रज पत्रकार डेनिस जेन्किन्सन. हा गृहस्थ १९४९ मध्ये एरिक ऑलिव्हरच्या साइडकारमध्ये बसून विश्वविजेता झालेला, त्यामुळे दुसऱ्याच्या हाती जीव देऊन शांत राहणं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. दोघांनी आधी तो रस्ता अनेकदा पालथा घातला. कोणतं वळण फसवं आहे, कोणत्या उंचवट्यापलीकडे रस्ता सरळ आहे, सगळं टिपलं. जेन्किन्सनने त्या नोंदी साडेपाच मीटर लांब कागदावर उतरवल्या आणि कागद दोन रुळांवर गुंडाळून, वर पारदर्शक खिडकी असलेल्या धातूच्या पेटीत बसवला. मूळ कल्पना जॉन फिच या अमेरिकन चालकाची. एका हाताने रूळ फिरवायचा, दुसऱ्याने मॉसला खूण करायची.

खुणा कशाला, बोलायचं ना? त्यांनी तेही करून पाहिलं होतं. कानाला लावायची यंत्रणा घेऊन सराव केला, पण भरधाव वेगात मॉस रस्त्यावर इतका एकाग्र व्हायचा की कानात स्पष्ट येणारा आवाज त्याच्यापर्यंत पोचायचाच नाही. मला या सगळ्या हकिगतीतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पुढे २०११ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जेम्स मॅक्डोनल्ड आणि निल्ली लावी यांनी प्रयोगांतून दाखवलं की डोळ्यांवर अवघड कामाचा भार पडला की माणसाला समोर वाजलेला आवाज कळतच नाही. कान शाबूत असतात, पण लक्ष शिल्लक नसतं. मॉस आणि जेन्किन्सन यांनी ते रस्त्यावर ओळखलं, त्यावर वाद घातला नाही, आणि हाताच्या पंधराएक खुणा ठरवल्या. मॉस मान हलवून पोच द्यायचा.

ताशी २७० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. त्या वेगात समोर उंचवटा आणि पलीकडचं काही दिसत नसताना मॉसने पाय उचलला नाही, कारण शेजारच्या हाताने 'सरळ आहे' असं सांगितलं होतं. गाडी जमिनीवरून उडाली आणि सरळ रस्त्यावर उतरली. वाटेत जेन्किन्सनला उलटी झाली. बाहेर वाकल्यावर वाऱ्याने चष्मा उडवून नेला. त्याने खिशातला दुसरा चष्मा लावला आणि रूळ फिरवायला लागला. आपलं शरीर कुठे दगा देईल याचाही अंदाज त्याने आधीच घेतलेला होता. १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत ते परत ब्रेशात होते, सरासरी ताशी १५७.६५ किलोमीटर. दुसरा आलेला फान्जिओ एकट्याने गाडी चालवत होता. तो जवळपास ३२ मिनिटं मागे होता.

आज जंगलातल्या आणि डोंगरातल्या वेगाच्या रॅलीत याच नोंदींना पेस नोट्स म्हणतात. आता चांगली हेल्मेटं आणि माइक आहेत, पण शब्द मोजके आणि ठरलेले, आणि योग्य क्षणी. फार लवकर सांगितलं तर चालक विसरतो, उशिरा सांगितलं तर वळण आलेलं असतं.

मुंबईचा या खेळाशी जुना संबंध आहे. २४ नोव्हेंबर १९६८ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवरून सिडनीला जायला ९८ गाड्या निघाल्या. इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली करत आठवड्याभरात त्यांतल्या बहुतेक मुंबईला पोचल्या, आणि तिथून चुसान नावाच्या बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदराकडे गेल्या. जिंकली हिलमन हंटर. तिच्यात तिघं होते: अँड्र्यू कोवन, कॉलिन मॅल्किन आणि ब्रायन कॉइल. अशा पल्ल्याला तिसऱ्या माणसाचं वजन परवडतं, कारण तो झोपू शकतो. ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये मोजून दाखवलं की सलग १७ तास जागलेल्या माणसाचं कौशल्य रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं उतरतं. आपल्याकडे चालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. पेंगुळलेल्या माणसाला आपण किती पेंगुळलो आहोत हे नीट सांगता येत नाही, म्हणून ते शेजारच्याने ओळखायचं असतं. पापणी जड झाली, गिअर उशिरा पडला, दोनदा सांगावं लागलं, की गाडी थांबवायला लावायची. चालक कितीही मोठा असो, तेव्हा हुकूम डावीकडच्या सीटचा.

२०२५ मध्ये पुण्याचे संजय टकले सौदी अरेबियात डकार क्लासिकला उतरले. तिथे जुन्या गाड्या वाळवंटातून ठरलेल्या सरासरी वेगाने न्यायच्या असतात, म्हणजे आमचंच गणित, फक्त वाळूत. आणि वाळूत चाक जागच्या जागी घसरतं, फेरे होतात पण गाडी तितकी पुढे जात नाही. ०.९८२ असा एकच आकडा लिहून दिवस काढता येईल, अशी ती जमीन नाही.

आमचा दुसरा दिवस पहाटे सुरू झाला. रात्रभर उभ्या गाडीचे टायर गार होते, काचेवर दव होतं. मी हातपंपाचा काटा लावून चारही चाकांची हवा बघितली आणि पॅडचं नवं पान काढलं. वहिनी किल्ली फिरवायच्या आधीच म्हणाल्या, "अगं, आजचा आकडा काय?"

"अजून नाही ठरला. पहिल्या खुणेपर्यंत कालचाच धरू, तिथे पुन्हा मोजू."