प्ले थेरपी शिकायची आहे? खान्देशातल्या समुपदेशकांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

सात वर्षांची एक मुलगी पहिल्या तिन्ही भेटींत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मराठीत विचारलं, अहिराणीत "काय व्हयनं?" म्हणून विचारलं, मान खालीच. चौथ्या भेटीत तिनं पोळ्याचा मातीचा बैल वाळूच्या ट्रेमध्ये पुरला, वरून हातानं नीट थापटलं आणि बऱ्याच वेळानं शेजारी एक बाहुली उभी केली. मी म्हणाले, "ही इथंच थांबलीय." तिनं मान हलवली. घरात काय चाललंय ते त्या वाळूतून कळायला लागलं.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळांत, आश्रमशाळांत, संस्थांत काम करणारे अनेक जण विचारतात, प्ले थेरपीचा, म्हणजे खेळातून मुलांना व्यक्त व्हायला मदत करणाऱ्या थेरपीचा, कोर्स कुठे करायचा? त्याआधी आपली पदवी कोणती, हे बघा. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं सर्टिफिकेट भिंतीवर लावून मुलांवर थेरपी करायला बसू नये, असं मला मनापासून वाटतं. मूल आपली सगळ्यात नाजूक गोष्ट आपल्यासमोर मांडत असतं. ती हाताळायला शिकायला वेळ लागतो.

भारतात 'प्ले थेरपिस्ट' नावाचा वेगळा सरकारी परवाना नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक असे प्रवर्ग आहेत, त्यात प्ले थेरपिस्ट नाही. म्हणून मूळ पात्रता ठरते ती पदव्युत्तर पदवीनं: एम.ए. मानसशास्त्र, समुपदेशन किंवा एमएसडब्ल्यू. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं चालवायला यूजीसीनं मनाई केली आहे. "घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी" अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका, नियमित वर्गालाच प्रवेश घ्या.

आपले तिन्ही जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. बी.ए. याच विद्यापीठाचं असेल तर काम सोपं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून किंवा बाहेरून पदवी घेतली असेल तर आधीच्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं आणि इथे पात्रता प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. हे काम लवकर हातात घ्या. बाकी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, टीसी, आधार, फोटो हे नेहमीचंच. शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.

आरक्षणाचे कागद मात्र वेळखाऊ असतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून, जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर प्रांत कार्यालयातून. अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून होतो. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना नॉन-क्रीमीलेअर लागत नाही, पण शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. त्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा २.५ लाख आहे आणि अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा. अक्कलकुवा-धडगावच्या माझ्या मैत्रिणींना मी नेहमी सांगते, जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज प्रवेशाची वाट न बघता आधीच टाका.

लग्नानंतर नाव बदललेल्यांनी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षराअक्षरानं ताडून बघावं. माझ्या पदवीवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, एवढ्यावरून एका खिडकीवरून मला तीनदा परत पाठवलं होतं. विवाह नोंदणी दाखला आणि राजपत्रातली नाव बदलाची नोंद, या दोन्हींच्या झेरॉक्स फाइलमध्ये असू द्या.

आता प्ले थेरपीचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. मुलाच्या गतीनं, त्याच्या मागे मागे जाणारी थेरपी व्हर्जिनिया ॲक्सलिननं १९४७ मध्ये पुस्तकरूपानं मांडली. अमेरिकेत असोसिएशन फॉर प्ले थेरपी ही संस्था १९८२ पासून आहे. तिच्या नोंदणीकृत प्ले थेरपिस्टसाठी आधी मानसिक आरोग्य क्षेत्रात काम करण्याचा परवाना हवा. मग १५० तासांचं प्रशिक्षण, मुलांसोबत ३५० तासांचं काम आणि ३५ तासांचं सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी व्यक्तीकडून आपलं काम तपासून घेणं. तिकडे जायचं नसलं तरी हे आकडे उपयोगाचे आहेत. इथला कुठलाही कोर्स निवडताना फी विचारण्याआधी विचारा, प्रत्यक्ष मुलांसोबत किती तास, माझं काम कोण तपासणार, त्या व्यक्तीचं स्वतःचं शिक्षण काय? गुळमुळीत उत्तर आलं तर पुढे जाऊ नका.

अशा कोर्सच्या अर्जाला सहसा पदवीचे कागद, मुलांसोबतच्या कामाचं अनुभवपत्र, दोन शिफारसपत्रं आणि उद्देशपत्र मागतात. अनुभवपत्र संस्थेच्या लेटरहेडवर, तारखांसह घ्या. "मुलांसोबत काम केले" एवढं पुरत नाही, मुलांचा वयोगट आणि कामाचं स्वरूप त्यात यायला हवं. उद्देशपत्र स्वतः लिहा. बायोडाटाच पुन्हा मांडण्यापेक्षा एखाद्या मुलासमोर आपण कुठे अडलो ते लिहा, नाव-गाव अजिबात न देता.

मुलांसोबत काम म्हटलं की पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रही काढून ठेवावं. अर्ज ऑनलाइन होतो, चौकशी आपल्या हद्दीच्या ठाण्यातून होते. प्रॅक्टिकम, म्हणजे कोर्समधलं मुलांसोबतचं प्रत्यक्ष काम, सुरू होताना पालकांचं लेखी संमतीपत्र लागेल. त्यात गुप्ततेची मर्यादा साध्या मराठीत लिहा: लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार ती कळवणं आपल्याला बंधनकारक आहे. पालकांना मराठी वाचता येत नसेल तर अहिराणीत किंवा पावरीत समजावून मगच सही किंवा अंगठा घ्या.

आज एकच काम करायचं असेल तर पदवीच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात ट्रान्स्क्रिप्टचा (सर्व सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा) अर्ज द्या आणि पावती जपून ठेवा.