चॉपिंग बोर्डाचं लाकूड येतं कुठून

ऑनलाइन दुकानात एकाच मापाचे दोन लाकडी चॉपिंग बोर्ड शेजारी दिसतात. एक पाचशेच्या आत, दुसरा अडीच-तीन हजारांना. दोन्हींवर 'हँडमेड' आणि 'सस्टेनेबल' छापलेलं असतं. गिऱ्हाईक म्हणतं, महागवाला लुटतोय; महागवाला म्हणतो, स्वस्तवाल्याचं लाकूड कुठलं ते आधी विचारा. प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर द्यायला बऱ्याच मागे जावं लागतं.

मराठी स्वयंपाकघरात चॉपिंग बोर्ड हा तसा उशिरा आलेला पाहुणा. भाजी विळीवर चिरली जायची आणि विळीला लाकूड लागायचं ते पाटापुरतं. बाकी पोळपाट, लाटणं, काठवट, रवी, मुसळ यांचं लाकूड गावच्या सुताराकडून यायचं किंवा जत्रेत मिळायचं. उभा ओटा आला, सुरी आली, तेव्हा सुरीखाली काहीतरी लागू लागलं आणि बहुतेक घरांत ते प्लॅस्टिकचं आलं. लाकडी बोर्डाची हौस त्यानंतरची.

अपवाद मटणाच्या दुकानाचा. खाटकाकडचा चिंचेचा ओंडका हा आपल्याकडचा सर्वांत जुना चॉपिंग बोर्ड म्हणायला हरकत नाही. चिंचेचं लाकूड घट्ट, रेषे एकमेकांत गुंतलेले, आणि ओंडका उभा ठेवल्यामुळे सत्तूर रेष्यांच्या टोकांवर पडतो. त्यामुळे घाव बसला तरी ढलपी निघत नाही. बकरी ईदच्या आधी असे ओंडके बाजारात विकायला येतात. थायलंडमध्येही चिंचेचाच बोर्ड नावाजलेला आहे. आज 'एंड ग्रेन' म्हणून जे बोर्ड दुप्पट भावाने विकले जातात, त्यांच्यामागचं तत्त्व हेच. खाटकाने त्याला कधी काही नाव दिलं नाही, इतकंच.

लाकूड कुठून आणायचं आणि मालकाला काय द्यायचं, हा प्रश्न मराठी मुलखात लेखी स्वरूपात आला तो आरमाराच्या निमित्ताने. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात त्याबद्दल मजकूर आहे. तो बहुतेक वेळा थेट शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून मोबाइलवर फिरतो. ग्रंथ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यातली धोरणं महाराजांच्या कारभारातून आलेली मानली जातात. भावार्थ असा: सागासारखं लाकूड राज्यातल्या जंगलातून परवानगीने तोडावं, कमी पडेल ते बाहेरून विकत आणावं. आंबा-फणसही आरमाराच्या कामाचे, पण त्यांना हात लावू नये, कारण ती झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन तोडावं. आजच्या 'जबाबदार लाकूडखरेदी'च्या व्याख्येत याहून मोठं काही नाही. त्यातही मला महत्त्वाचा वाटतो तो मालकाच्या संमतीचा आणि मोबदल्याचा भाग, कारण पुढच्या दोनशे वर्षांत नेमका तोच गळून पडला.

इंग्रजांना साग हवा होता जहाजांसाठी. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने मलबारच्या सागातून बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतं आहे. सागाचा टिकाऊपणा सांगायला याहून वेगळा दाखला नको. पण त्या भुकेने पश्चिम किनाऱ्यावरची जंगलं इतकी विरळ झाली की १८४० च्या दशकात मलबारमध्ये निलंबूरला सागाची मुद्दाम लागवड करावी लागली. १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यानंतर १८६५ आणि १८७८ चे वनकायदे आले, मग १९२७ चा, जो दुरुस्त्यांसह अजून चालू आहे. झाडाचा मालक कोण, या प्रश्नाला 'सरकार' हे उत्तर ठरून गेलं.

तरी देशी साग पुरेना. मग ब्रह्मदेश. १८६३ साली स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन तिथल्या जंगलातून साग काढू लागली. राजा थिबा याच्या दरबाराने १८८५ साली आरोप ठेवला की कंपनी तोडलेले ओंडके कमी दाखवते आणि महसूल बुडवते. कंपनीला जबर दंड ठोठावला गेला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. काही महिन्यांत मंडाले पडलं, ब्रह्मदेश खालसा झाला आणि थिबाला १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवलं. तिथेच १९१६ साली तो वारला. त्याचा राजवाडा बघायला आजही लोक जातात. ओंडके मोजण्याच्या भांडणातून राज्य गेलं, ही गोष्ट तिथे उभं राहून किती जणांना आठवते कोण जाणे.

गिरगावच्या चाळींत आणि पुण्या-नाशिकच्या वाड्यांत 'बर्मा टीक' म्हणून जे लाकूड मिरवलं जातं, त्याची वाट ही. स्वातंत्र्यानंतरही तो साग येत राहिला. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने गोल लाकडाची, म्हणजे न चिरलेल्या ओंडक्यांची, निर्यात बंद केली. मग वखारीत घाना, इक्वेडोर, कोस्टारिका इथला लागवडीचा साग जास्त दिसू लागला. तो बऱ्याचदा कमी वयात तोडलेला, गाभा कमी आणि कडेचं पांढरं लाकूड जास्त. बोर्ड त्याचाही होतो. पण 'सागवान' एवढाच शब्द ऐकून चंद्रपूरच्या जंगलातला साग डोळ्यांपुढे आणायचा असेल, तर तो आपला भाबडेपणा.

चंद्रपूरचा साग मिळतो, नाही असं नाही. बल्लारशाचं आणि शेजारच्या गडचिरोलीतल्या आलापल्लीचं लाकूड नावाजलेलं. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली बल्लारशाहूनच साग गेला. मात्र सरकारी डेपोवर लिलाव लॉटने, म्हणजे ओंडक्यांच्या अख्ख्या थप्पीने, होतो. महिन्याला वीस-तीस बोर्ड करणारा माणूस तिथे उभाच राहू शकत नाही. तो वखारवाल्याकडून कापलेलं लाकूड घेतो आणि मधल्या प्रत्येक हाताचा नफा त्याच्या किमतीत बसतो.

शेतातल्या झाडाचीही वाट सरळ नाही. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमात साग, चिंच, आंबा, फणस, ऐन, जांभूळ अशी झाडं अनुसूचित आहेत. स्वतःच्या बांधावरचं असलं तरी तोडायला परवानगी लागते. आदिवासी खातेदारांच्या झाडांसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे, कारण ठेकेदार कवडीमोलाने साग उचलत होते. हेतू चांगला. पण परवानगी, पंचनामा आणि वाहतुकीचा पास यांचे खेटे वाचवायला शेतकरी उभं झाड व्यापाऱ्याला देऊन टाकतो आणि भाव व्यापारीच ठरवतो.

यात १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा गोदावर्मन प्रकरणातला आदेश आला. निलंबूरच्याच राजघराण्यातल्या टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड यांनी तमिळनाडूतल्या गुडलूरच्या जंगलातल्या तोडीविरुद्ध याचिका केली होती. तिचे परिणाम देशभर झाले. जंगलाची व्याख्या रुंदावली, विनापरवाना आरागिरण्या बंद पडल्या, नव्या परवान्यांवर बंधनं आली. जंगलाला याचा फायदा झाला, यात मला शंका नाही. मात्र लाकूड चिरून घ्यायला जायचं तर जवळपास एकच गिरणी, अशी पाळी छोट्या कारागिरावर आली.

आता किमतीचा हिशेब. बोर्ड १५ इंच लांब, १० इंच रुंद, १ इंच जाड धरला तर १५० घनइंच लाकूड. एका घनफुटात १७२८ घनइंच. म्हणजे कागदावर घनफुटातून साडेअकरा बोर्ड. प्रत्यक्षात करवतीच्या पात्यात, रंध्यात, गाठीत, चिरेत आणि काढून टाकलेल्या पांढऱ्या लाकडात निम्मं जातं. राहिले पाच-सहा. समजा साग घनफुटाला ४ हजार रुपये, तर बोर्डामागे सातशेच्या आसपास नुसतं लाकूड. आंबा समजा हजार रुपये, तर दोनशेच्याही आत. आकडे समजुतीपुरते आहेत, भाव गावागणिक बदलतो. पण पाचशेतला 'सागवानी' बोर्ड पाहिला की हा हिशेब करून बघावा.

त्यावर वाळवण. सुतारकामातला जुना आडाखा म्हणजे एक इंच जाडीला सावलीत साधारण एक वर्ष. कोकणच्या दमट हवेत त्याहून जास्तही लागतं. म्हणजे पैसा वर्षभर शेडमध्ये थप्पी लावून पडलेला. भट्टीत वाळवलं तर वेळ वाचतो, वीज लागते. घाई केलेला बोर्ड पहिल्याच पावसाळ्यात वाकतो किंवा जोडाशी उलतो. आंबा स्वस्त, पण त्याला कीड आणि बुरशी लवकर लागते. तोडल्यावर पटकन चिरून वाळत घातला नाही तर निळसर डाग पडतात. एंड ग्रेनसाठी पट्ट्या चिकटवायच्या, पुन्हा आडव्या कापायच्या, पुन्हा चिकटवायच्या. त्यावर रंधा चालवणं जिकिरीचं. शेवटी तेल. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं लावलं तर खवट वास येतो. म्हणून खाद्यदर्जाचं मिनरल ऑइल, नाहीतर जवसाचं, जे हवेत सुकून घट्ट होतं, आणि वर मधमाशांचं मेण. महागड्या बोर्डाच्या किमतीत लाकडापेक्षा ही मजुरी आणि हा वेळ जास्त असतो. झाड वाढवणाऱ्याचा वाटा मात्र कुठल्याही बोर्डात फारसा नसतो.

शिसमची कथा निराळी. चीनमधल्या रोझवुड फर्निचरच्या मागणीने आफ्रिका आणि आग्नेय आशियातली जंगलं लुटली जाऊ लागली, तेव्हा वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय करारात डालबर्जिया हे शिसम-रोझवुडचं सगळं कूळच २ जानेवारी २०१७ पासून नियंत्रणाखाली आलं. त्यात उत्तर भारतात कालव्याकाठी, रस्त्याकडेला भरपूर लावला जाणारा शिसमही सापडला. सहारनपूर-जोधपूरच्या निर्यातदारांना फटका बसला. केंद्र सरकारच्या सांगण्यानुसार वर्षाला सुमारे १००० कोटींची निर्यात ५०० ते ६०० कोटींवर आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामाच्या बैठकीत स्पष्ट झालं की शिसमची प्रत्येक वस्तू १० किलोच्या आत असेल तर साइट्सचा परवाना नको. चॉपिंग बोर्ड त्यात आरामात बसतो. गोंधळ एवढाच की पश्चिम घाटातला शिसव हा त्याचा वेगळा, जंगलातला आणि नष्ट होण्याच्या धोक्यातला ठरवला गेलेला भाऊबंद. बाजारात दोन्ही एकाच नावाने खपतात.

पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि खांब चिरून केलेले बोर्ड मला यातले सर्वांत खरे वाटतात. झाड कधीच तुटलेलं, लाकूड शंभर वर्षं वाळलेलं. पण त्यात खिळे दडलेले असतात आणि गिरणीवाला पातं तुटण्याच्या भीतीने जादा पैसे मागतो. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं, भिंतीत गेलेल्या टोकांना डांबर फासलेलं असतं. ते टोक आणि वरचा थर पुरता काढला नसेल तर तो बोर्ड भिंतीवर टांगावा, त्यावर कांदा कापू नये.

आरोग्याच्या बाजूने लाकडाची नाचक्की बरीच झाली. १९९० च्या दशकात अमेरिकेत संशोधक डीन क्लिव्हर यांच्या प्रयोगांत दिसलं की लाकडात शोषले गेलेले जिवाणू हळूहळू मरतात, उलट सुरीने चरे पडलेला प्लॅस्टिकचा बोर्ड हाताने धुऊन नीट स्वच्छ होत नाही. अर्थात लाकडी बोर्ड पाण्यात बुडवून ठेवला तर त्याचं वाटोळं ठरलेलं.

राहिलं लाकूड रीतसर आलेलं असल्याचं प्रमाणपत्र. निर्यातीसाठी हस्तकला निर्यात परिषदेची 'वृक्ष' ही व्यवस्था आहे. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये देशी वन आणि लाकूड प्रमाणीकरण योजना आणली. युरोपीय संघाच्या जंगलतोडविरोधी नियमात लाकडी स्वयंपाकाची भांडीही येतात आणि झाड कुठल्या जमिनीवर वाढलं तिचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. अंमलबजावणीची तारीख तेवढी पुढे ढकलली गेली आहे. सलग लागवड असलेल्या मळेवाल्याला हे जमेल. बांधावरचा एक म्हातारा आंबा व्यापाऱ्याने उचलला, गिरणीत दहा गावच्या लाकडात मिसळला आणि फळी होऊन कारागिराकडे आला, तर त्याच्या हातात वखारीच्या बिलाखेरीज दुसरा कागद नसतो. त्या बिलावरही बहुधा लिहिलेलं असतं 'जंगली लाकूड', आणि पुढे घनफूट.