जुनी फोर-बाय-फोर: विदर्भात ती आली कुठून आणि घेताना वाकून कुठे पाहायचं

विदर्भात विकायला निघणारी जुनी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी गाडी, कोणत्या सालची आहे, यापेक्षा ती आधी कोणाकडे राबली हे जास्त महत्त्वाचं आहे. लष्कर, वनखातं, पंचायत समिती, कोळसा खाणीचा ठेकेदार, सफारीवाला, यांपैकी प्रत्येकाने गाडी वेगळ्या जागी झिजवलेली असते. ती जागा ओळखायला या गाड्यांचा मागचा प्रवास उपयोगी पडतो.

सुरुवात जीपची. महिंद्रांनी १९४७ मध्ये अमेरिकेची विलीज जीप भारतात आणून जोडायला घेतली. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, गटविकास अधिकारी हे पद गावागावांत पोचलं आणि त्याच्यासोबत जीपही पोचली. पुढची तीसेक वर्षं फोर-व्हील म्हणजे जीपच. तिचा सांगाडा नव्वदच्या दशकापर्यंत फारसा बदलला नाही, त्यामुळे आजही तालुक्याच्या गावातला मिस्त्री ती डोळे मिटून खोलतो.

त्या सांगाड्यातल्या तीन गोष्टी माहीत हव्यात. पहिली, जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सला जोडलेली पेटी, तिथून ताकद पुढच्या आणि मागच्या एक्सलकडे जाते) मागच्या तोंडावर, प्रॉपेलर शाफ्टच्या (एक्सलकडे ताकद नेणारा फिरता दांडा) ड्रमवर असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की तो गाडी धरत नाही, म्हणून चाकांना दगड लावल्याशिवाय खाली शिरू नये. दुसरी, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यातलं सील गेलं की एकाचं तेल दुसऱ्यात उतरतं. एकीकडे लेव्हल जास्त आणि दुसरीकडे कमी दिसली तर सील गेलं समजा. तेल कमी असलेल्या बाजूचे बेअरिंग किती दिवस कोरडे फिरले, हे मात्र बाहेरून कळत नाही. तिसरी, पुढच्या एक्सलच्या दोन्ही टोकांना गोल नकल, म्हणजे चाक वळवणारा सांधा, असतो. त्याच्याभोवती घट्ट काळं ग्रीस दिसलं तर चालतं. पातळ, तपकिरी तेल ओघळत असेल तर आतलं सील फाटून हौसिंगचं (एक्सलच्या लोखंडी कवचाचं) तेल ग्रीसमध्ये मिसळतंय. नकल ज्यांवर वळतो ते किंगपिन बेअरिंग ढिले झाले की पन्नास-साठच्या वेगात एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि वेग पार कमी केल्याशिवाय थांबत नाही. विकणारा ‘व्हील बॅलन्सिंग करून घ्या’ म्हणेल. नुसत्या बॅलन्सिंगने ते जात नाही.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं आणि जीपच्या पोटातली पेट्रोल इंजिनं निघू लागली. महिंद्रांकडे इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन होतंच, त्याच घराण्यातलं इंजिन जीपमध्ये बसलं. खेड्यात याचा मोठा फायदा असा की बरेच सुटे भाग ट्रॅक्टरच्या दुकानात मिळत. १९८५ मध्ये एमएम ५४० आली, तिच्यात २११२ सीसीचं प्युजो डिझेल. हे इंजिन टिकाऊ, पण तापणं त्याला सोसत नाही. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो. इथले कित्येक मिस्त्री उन्हाळ्यात थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकतात, तो परत कधी बसत नाही आणि हिवाळ्याच्या सकाळी इंजिन थंडच फिरून बोअर घासत राहतो. रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघडा. गंजाचं लाल पाणी दिसलं तर कूलंट न घालता नळाचं पाणी ओतत आलेत.

डिझेलची ही अदलाबदल कागदांत मात्र नेहमी उतरली नाही. आरसीवर इंधन पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, किंवा इंजिन नंबर भलताच, अशी जीप कितीही गोजिरी असली तरी सोडून द्यावी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ परवानगीशिवाय असे बदल करू देत नाही. याच जातीची दुसरी गाडी हरियाणातल्या मंडी डबवालीची. तिथे जुन्या जीपच्या नावावर नवी बॉडी, रुंद टायर, दुसरं इंजिन आणि हवे ते एक्सल बसवून गाड्या तयार होतात आणि देशभर जातात. काम सुबक असतं, पण आरसीवर चाळीस वर्षांपूर्वीची गाडी आणि समोर उभी दुसरीच. अपघात झाला की विमा कंपनीला हात वर करायला तेवढं पुरतं.

डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. आधी ९७० सीसी, १९९६ मध्ये १२९८ सीसीची ‘किंग’, २००० च्या सुमारास इंजेक्शनवाली. हलकी, छोटी, पेट्रोलवर चालणारी. लष्कराने आणि पोलिसांनी ती उचलली आणि पुढे ताडोबा, पेंच, कऱ्हांडला इथल्या सफारीत तीच दिसू लागली. विदर्भात आज विक्रीला येणाऱ्या जिप्सींमधल्या पुष्कळ या सफारीतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या मीटरकडे पाहूच नका. वीसच्या वेगात तासन्‌तास चाललेल्या गाडीचे किलोमीटर कमी आणि इंजिनाचे तास जास्त. सहा पर्यटक, गाइड आणि ड्रायव्हर वाहून मागचे पाटे सपाट झालेले असतात. शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) मागे पार कलंडलेली दिसेल. रेडिएटरच्या जाळीत आणि एअर फिल्टरच्या डब्यात पिठासारखी बारीक धूळ सापडते. क्लच संपत आलेला असतो. आरसीवर ती टुरिस्ट म्हणून नोंदलेली असेल, तर खाजगीत बदलून घेण्याचं काम आणि खर्च कोणाच्या अंगावर, हे व्यवहाराआधी ठरवा.

लष्कराच्या लिलावातली गाडी हा वेगळा विषय. जबलपूर नागपूरहून एका दिवसाच्या वाटेवर. तिथल्या कारखान्यात १९६९ पासून जोंगा बनली, निसानच्या गाडीवर बेतलेली, जवळपास चार लिटरचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन. तिची ताकद अफाट आणि तहानही. लष्करी गाडीला आरटीओची आरसी नसते, पाटीवर वर तोंड केलेला बाण आणि आकडे असतात. लिलावाचं विक्रीपत्र आणि त्यावरून झालेली आरटीओची नोंदणी, दोन्ही दाखवता आली तरच पुढे बोला.

१९९१ मध्ये टाटांची सिएरा आली आणि १९९८ मध्ये सफारी. बंद बॉडीची, कुटुंबाला बसता येईल अशी मोठी फोर-बाय-फोर सफारीने घरोघर ओळखीची केली. तिच्यात दांड्याऐवजी डॅशबोर्डवर खटका आहे, तो दाबला की मोटर ट्रान्सफर केस बदलते. वर्षानुवर्षं कोणी तो दाबत नाही, मग मोटर जाम होते. चावी फिरवून फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) लावा. दिवा स्थिर लागला पाहिजे, लुकलुकत राहिला तर मोटर किंवा मॉड्यूल गेलं. फोर-लो (चारही चाकं, कमी वेग, जास्त ओढ) लावताना गाडी थांबलेली आणि क्लच दाबलेला हवा.

२००० मध्ये बोलेरो आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली. बहुतेक विकल्या गेल्या त्या फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. स्टिकरवर विश्वास नको. खाली वाकून पुढच्या एक्सलमध्ये हौसिंग आणि तिथे जाणारा दुसरा प्रॉपेलर शाफ्ट डोळ्यांनी पाहा. वणी, घुग्घुस, बल्लारपूर पट्ट्यातली बोलेरो कॅम्पर असेल तर चेसिसच्या सांध्यात बोट घालून बघा. कोळशाची धूळ ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खात जाते.

आता प्रत्यक्ष तपासणी. गाडी सकाळी बघा आणि बॉनेटला हात लावा. गरम असेल तर आधीच चालू करून ठेवलेली आहे. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण काढून भोकावर तळहात धरा. दमादमाने धूर आणि हवेचा मारा आला तर रिंगा गेल्या, पूर्ण इंजिनाचं काम धरून किंमत बोला. रात्रभर उभ्या गाडीच्या दोन्ही हौसिंगचे खालचे बोल्ट किंचित सैल करा. पहिले थेंब पाण्याचे किंवा दुधाळ आले, तर तापलेलं हौसिंग नाल्यात उतरून ब्रीदरमधून, म्हणजे हवा जाण्याच्या भोकातून, पाणी ओढलं आहे. गडचिरोली, गोंदियाकडच्या गाडीत हे हमखास बघावं. चेसिसला तडे जातात ते स्टिअरिंग बॉक्सच्या जागी आणि मागच्या शॅकलच्या कानांपाशी, तिथे ताजा काळा रंग किंवा वेल्डिंगची पट्टी दिसली की थांबा.

फोर-बाय-फोर खरंच जोडली जाते का, हे असं कळतं. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा एक्सल स्टँडवर घ्या, इंजिन बंद, पहिला गिअर, फोर-हाय. पुढचं एक चाक हाताने फिरवलं की दुसरं उलट फिरलं पाहिजे आणि शाफ्ट हलता कामा नये. चाक पाव फेरा रिकामं जात असेल तर क्राऊन-पिनियन (एक्सलमधले गिअर) आणि शाफ्टचे क्रॉस (सांधे) झिजलेत. मग पांदणीवर चालवून पाहा, डांबरावर नको. या गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसतो, कोरड्या डांबरावर वळवलं की यंत्रणा पीळ खाते आणि दांडा अडकतो. तसा अडकला तर दोन-चार मीटर सरळ मागे घ्या, सुटेल.

रुंद टायरला भुलू नका. काळ्या मातीच्या वावरात ते चिखल बांधून गुळगुळीत होतात, तर जीपचं मूळचं ६.००-१६ चं अरुंद टायर चिखल कापून खालच्या मुरमापर्यंत पोचतं. आणि डिफ लॉक (एक्सलचं डिफरन्शियल जाम करून दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) नसेल तर चारपैकी तिरप्या कोपऱ्यांतली दोन चाकं अधांतरी होताच फोर-बाय-फोरही जागीच फिरते. महिंद्राच्या २०१५ नंतरच्या थारला मागे लॉकिंग डिफरन्शियल मिळालं, फोर्सच्या गुरखाची ओळखच त्याच्यावर आहे.

कागद. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि छाप आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. आकडे वाकडेतिकडे, भोवती घासल्याच्या खुणा असतील तर व्यवहार मोडा. दिल्लीत डिझेल गाड्यांवर दहा वर्षांची मर्यादा आल्यापासून तिकडच्या सफारी आणि स्कॉर्पिओ स्वस्तात इकडे येतात. फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा कर धरला की स्वस्ताई बरीच ओसरते. पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं, शुल्क ५,००० रुपये, वीस वर्षांपुढे २०२५ पासून १०,०००, शिवाय पर्यावरण कर. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही घेताना विक्रेत्याचं कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ मागा, आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करा.